सरकारी शाळेच्या निधीसाठी न्यायालयात जाताना

प्रश्न असा आहे. पुणे शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवीचे वर्ग आहेत. पट ११८ आहे, चार पदे मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात तीन शिक्षक आहेत. चार वर्गखोल्यांपैकी दोन धोकादायक ठरल्याने बंद आहेत. विजेचे बिल पूर्वी ग्रामपंचायत भरत असे. ती विसर्जित झाल्यापासून पालक वर्गणी काढतात. जिल्हा परिषद म्हणते की गाव आता महापालिकेत आहे, आणि महापालिका म्हणते की शाळेचे हस्तांतर अजून पूर्ण झालेले नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष असलेल्या एका पालक भगिनी विचारतात: अमेरिकेत पालकांनी आणि शाळांनी सरकारवर खटले भरून हक्काचा निधी मिळवला असे वाचले, आम्हाला मुंबई उच्च न्यायालयात तसे काही करता येईल का, करता येत असेल तर नेमके काय मागावे, आणि त्याचा खर्च आम्हाला पेलेल का?

उच्च न्यायालयात निश्चित जाता येते. मात्र ‘आमच्या शाळेला पुरेसा निधी द्यावा’ एवढीच मागणी घेऊन गेल्यास हाती फारसे लागत नाही, कारण कोणतेही न्यायालय राज्याचे अंदाजपत्रक स्वतः लिहायला बसत नाही. कायद्याने ठरवून दिलेली आणि मोजून दाखवता येणारी एखादी गोष्ट दिली गेलेली नाही, हे कागदावर सिद्ध झाले की न्यायालय ती द्यायला लावते, आणि मग पैशाची तजवीज करणे ही सरकारची अडचण उरते. शिक्षणविषयक प्रकरणांत पक्षकार जो पहिला मसुदा घेऊन येतात, त्यात बहुधा हालअपेष्टांचे वर्णन पानोपानी असते आणि नियमाचा क्रमांक एकही नसतो. पुढे जे लिहितो आहे ते हा क्रम उलटा करण्यासाठी आहे.

आपण अमेरिकेचा उल्लेख केला आहे, म्हणून आधी तिकडचे पाहू; तेथील विजयांइतकेच तेथील पराभवही आपल्या कामाचे आहेत. तेथे सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा भाग परंपरेने स्थानिक मालमत्ता करातून येत आला. घरे महाग असलेल्या वस्तीत कमी दराने कर लावूनही शाळेला भरपूर पैसा मिळतो, आणि जेथे घरे स्वस्त आहेत तेथील लोक चढ्या दराने कर भरूनही शाळेला कमीच देऊ शकतात. कॅलिफोर्नियातील सेरानो विरुद्ध प्रीस्ट या प्रकरणात हे आकड्यांनिशी पुढे आले. १९६८-६९ मध्ये बेव्हर्ली हिल्स येथे दर विद्यार्थ्यामागे १,२३२ डॉलर खर्च होत होते, तर त्याच लॉस एंजेलिस परगण्यातील बाल्डविन पार्क येथे ५७७ डॉलर. शाळेसाठीच्या कराचा दर मात्र बाल्डविन पार्कमध्ये दुपटीहून अधिक होता. १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत समानतेच्या हक्काला बाधक असल्याचे म्हटले आणि देशभर असे दावे दाखल होऊ लागले.

दोनच वर्षांत या लाटेला बांध पडला. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरातील एजवुड या गरीब वस्तीतील डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी तोच मुद्दा संघराज्याच्या न्यायालयांत नेला होता. त्यांच्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर मिळत होते आणि शेजारच्या अलामो हाइट्सला ५९४. २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी बहुमताच्या निकालपत्रात म्हटले की शिक्षण महत्त्वाचे असले, तरी संघराज्याच्या घटनेने त्याला मूलभूत हक्क म्हणून संरक्षण दिलेले नाही. न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी याविरुद्ध दीर्घ भिन्नमत लिहिले, पण पालकांसाठी संघराज्याच्या न्यायालयांचे दार त्या दिवशी बंद झाले आणि ते आजवर नीट उघडलेले नाही.

यानंतर वकिलांनी मोहरा राज्यांच्या घटनांकडे वळवला. तेथील प्रत्येक राज्याच्या घटनेत सार्वजनिक शिक्षणाविषयी काही ना काही कलम आहे, आणि न्यू जर्सीच्या घटनेत तर राज्याने ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ शाळाव्यवस्था राखावी असे स्पष्ट शब्द आहेत. त्या शब्दांचा आधार घेऊन १९७३ सालीच तेथील सर्वोच्च न्यायालयाने निधीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ चालढकल करीत राहिले, तेव्हा १९७६ मध्ये न्यायालयाने १ जुलैपासून शाळांवर खर्च करण्यासच मनाई केली. उन्हाळी सुट्टी असल्याने मुलांचे नुकसान मर्यादित राहिले, आणि काही दिवसांतच विधिमंडळाने राज्याचा आयकर मंजूर केला. एखाद्या न्यायालयाने विधिमंडळाला नवा कर लावायला भाग पाडल्याचे असे उदाहरण विरळाच. तरीही प्रश्न मिटला नाही. १९८१ मध्ये ॲबट विरुद्ध बर्क हा दुसरा दावा दाखल झाला आणि त्यात निकालांमागून निकाल येत गेले. १९९८ च्या निकालाने गरीब शहरी भागांतील तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडीही राज्यावर बंधनकारक झाली.

माझ्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद प्रकरण केंटकी राज्याचे आहे. तेथे ६६ शाळा-जिल्ह्यांनी, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी, एकत्र येऊन दावा लावला आणि त्यांच्या बाजूने माजी गव्हर्नर बर्ट कोम्ब्स उभे राहिले. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्याची संपूर्ण शाळाव्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुरेसे शिक्षण कशाला म्हणावे याच्या सात कसोट्या न्यायालयाने लिहून दिल्या: मुलाला तोंडी आणि लेखी संवाद साधता यावा, समाज, अर्थकारण आणि राज्यव्यवस्था समजून निवड करता यावी, पुढील शिक्षणासाठी किंवा कामासाठी त्याची तयारी व्हावी, अशा स्वरूपाच्या. पुढच्याच वर्षी राज्याने शिक्षणसुधारणेचा मोठा कायदा केला. ‘शेजाऱ्याइतके द्या’ या मागणीऐवजी ‘ठरलेल्या दर्जाला पुरेल इतके द्या’ ही मागणी यानंतर अनेक राज्यांत पुढे आली, आणि ती अधिक टिकली. नुसत्या समानतेच्या मागणीत एक धोका असतो. वरच्याचे काढून घेतले तरी समानता साधते. कॅलिफोर्नियात शाळांचा खर्च समान करण्याची प्रक्रिया सुरू असतानाच १९७८ मध्ये जनमताने मालमत्ता करावर कायमची मर्यादा घातली गेली, आणि वाटण्या समान होत असताना वाटायची रक्कमच आवळली गेली.

दर्जा आधी लिहिलेला नसेल तर काय होते, ते न्यूयॉर्कमध्ये दिसले. तेथे १९९३ साली दावा दाखल झाला. २००२ मध्ये एका अपिलीय न्यायालयाने म्हटले की आठवी-नववीपर्यंतची कौशल्ये मुलांना मिळाली म्हणजे राज्याचे कर्तव्य संपले. राज्याच्या सर्वोच्च अपिलीय न्यायालयाने २००३ मध्ये ते मत फिरवले, २००६ मध्ये किमान वाढीव रकमेचा आकडा १९३ कोटी डॉलर असा निश्चित झाला, २००७ मध्ये नवे निधीसूत्र आले आणि त्या सूत्रानुसार पूर्ण रक्कम शाळांना मिळायला २०२३-२४ हे वर्ष उजाडले. दावा दाखल झाला तेव्हा पहिलीत असलेली मुले तोवर स्वतः पालक झालेली असणार. वॉशिंग्टन राज्यात २०१२ चा निकाल पाळला जात नाही म्हणून न्यायालयाने २०१४ मध्ये विधिमंडळाला अवमानासाठी दोषी धरले आणि ऑगस्ट २०१५ पासून दररोज १ लाख डॉलर दंड लावला. ते प्रकरण २०१८ मध्ये संपले. निकाल मिळणे आणि पैसा पोहोचणे यांत किती अंतर असते, याचा अंदाज आपल्या समितीने आधीच घेतलेला बरा.

हा वाद आपल्याकडे परदेशातून आलेला नाही, आणि पुण्यात बसून लिहिताना तेवढे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये पुण्याहून शिक्षणविषयक हंटर आयोगाला जे निवेदन दिले, त्याचा गाभा निधीच्या न्याय्य वाटपाचाच होता: सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणीही त्याच निवेदनात आहे. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने उचलावेत असे सूत्र त्यांनी सुचवले होते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. खर्च कोणी उचलायचा, स्थानिक संस्थेने की सरकारने, हा तेव्हाचा प्रश्न आपल्या शाळेच्या विजेच्या बिलावर आजही उभा आहे.

आता भारतीय कायद्याकडे वळतो. रॉड्रिगेझ यांच्याकडे जे नव्हते ते आपल्याकडे आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला जगण्याच्या हक्काचा भाग मानले. राज्याची आर्थिक कुवत हा निकष त्या निकालाने चौदा वर्षांनंतरच्या शिक्षणालाच लावला, हे युक्तिवादात आवर्जून सांगावे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्क करणारे अनुच्छेद २१-अ आले आणि १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम लागू झाला. केंटकीच्या न्यायाधीशांना कसोट्या स्वतः लिहाव्या लागल्या. येथे संसदेने शिक्षकसंख्येपासून कुंपणापर्यंतचे निकष परिशिष्टातच लिहून ठेवले आहेत आणि कलम १९ प्रमाणे जुन्या शाळांना ते पूर्ण करण्यासाठी दिलेली तीन वर्षांची मुदत २०१३ मध्येच संपली आहे.

या परिशिष्टाच्या शेजारी आपली शाळा ठेवून पाहू. पहिली ते पाचवीसाठी ९१ ते १२० पटाला चार शिक्षक हवेत. आपल्याकडे तीन आहेत. कलम २६ म्हणते की शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत. चारपैकी एक पद रिक्त म्हणजे २५ टक्के. परिशिष्टानुसार प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी; म्हणजे चार हव्यात आणि वापरण्याजोग्या दोन आहेत. एवढ्या चार वाक्यांत आपल्या याचिकेचा कणा तयार होतो, आणि त्यात ‘निधी’ हा शब्दही आलेला नाही.

धोकादायक खोल्यांसाठी स्वतंत्र आधार आहे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे २००४ मध्ये शाळेला लागलेल्या आगीत नव्वदहून अधिक मुले दगावली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी सहा महिन्यांत उपलब्ध करून देण्याचे आदेशही त्याच न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्व राज्यांना दिले होते.

‘पैसे नाहीत’ हे उत्तर येणारच. त्यासाठी १९८० चा रतलाम नगरपालिकेचा निकाल जवळ ठेवावा; कायद्याने घातलेले कर्तव्य टाळण्यासाठी स्थानिक संस्थेला आर्थिक अडचणीची सबब पुढे करता येत नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात निःसंदिग्ध लिहिले आहे. शिवाय शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ७ नुसार निधीची जबाबदारी केंद्र आणि राज्य यांची सामाईक असली, तरी केंद्राकडून आलेली रक्कम विचारात घेऊन अंमलबजावणीसाठी निधी पुरवण्याचे दायित्व राज्य सरकारवर आहे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रपुरस्कृत योजनेत बहुतेक राज्यांसाठी हे प्रमाण केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असे आहे. केंद्र आणि राज्य यांचे बिनसले तर मधल्यामध्ये शाळा अडकतात. तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा दोन हजार कोटींहून अधिक निधी अडकल्यावर ते राज्य २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. महाराष्ट्रात सध्या तसा वाद नाही, परंतु प्रतिवादींमध्ये केंद्र सरकारचे नाव घालण्यास विसरू नये.

निधीच्या प्रश्नावर भारतात सर्वांत मोठे यश कोणत्या खटल्याला मिळाले असे कोणी विचारले, तर मी शालेय पोषण आहाराचे नाव घेईन. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि तेवढ्यावर न थांबता आयुक्त नेमून वर्षानुवर्षे अहवाल मागवले. आज प्रत्येक राज्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असते. तो आदेश टिकला, कारण त्यात किती उष्मांक, किती प्रथिने आणि वर्षाचे किमान किती दिवस हे ठरलेले होते. याच्या उलट, सरकारी अधिकाऱ्यांनी आपली मुले सरकारी शाळेतच घालावीत असा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१५ चा आदेश वर्तमानपत्रांत खूप गाजला. अंमलबजावणीच्या बाबतीत मात्र त्याचे काहीच झाले नाही. टाळ्या मिळवणारी प्रार्थना, म्हणजे न्यायालयाकडे करायची मागणी, याचिकेत घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा.

खासगी अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांच्या अनुदानाचा लढा हा वेगळा विषय आहे आणि त्यातील निकाल आपल्याला उपयोगी पडत नाहीत. अनुदान हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात म्हटले आहे. सरकारी वकील हा निकाल आपल्यासमोरही वाचून दाखवतील. आपली शाळा सरकारचीच आहे, तिला मिळणारा पैसा हे कोणा त्रयस्थ संस्थेला दिलेले अनुदान नाही, एवढे उत्तर त्यास पुरेसे आहे.

एका मुद्द्यावर मात्र आपण अमेरिकेच्या मागे आहोत. तेथे न्यायालयांसमोर ‘ठरलेल्या दर्जासाठी एका मुलामागे किती खर्च यायला हवा’ याचे स्वतंत्र हिशेब मांडले गेले, आणि गरीब घरांतील किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वाढीव भार धरणारी सूत्रे त्यातून निघाली. आपल्याकडे संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदे मंजूर करणे, मुख्यतः पटावर चालते. पट घटला की पद जाते, पद गेले की पालक मूल काढून घेतात, आणि पट आणखी घटतो. पूर्वीचा वेल्हे म्हणजे आताचा राजगड, तसेच मुळशी आणि भोर या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरच्या शाळा या चक्रात सापडल्या आहेत. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने २०२३ मध्ये मागवले, तेव्हा नमुना म्हणून आपल्याच जिल्ह्यातील पानशेतचे नाव पुढे होते. आपल्या शाळेचा पट चांगला असल्याने हे संकट आज दारात नाही, पण दोन खोल्यांत पाच वर्ग बसवले तर तो किती काळ टिकेल, हा मुद्दा तातडी दाखवण्यासाठी याचिकेत जरूर मांडावा.

एका मुलामागील खर्चाचा एक सरकारी आकडा मात्र अस्तित्वात आहे. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवरील मुलांसाठी शासन जी शुल्कप्रतिपूर्ती देते, ती शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १२(२) नुसार राज्याचा स्वतःचा दर मुलामागील खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी जे कमी असेल त्याप्रमाणे असते. महाराष्ट्राने अलीकडच्या वर्षांत ही रक्कम १७,६७० रुपये धरली आहे. ती अपुरी आहे अशी खासगी शाळांची तक्रार आहे, आणि तो वाद त्यांना लढवू द्यावा. आपण केवळ एवढे विचारावे की आमच्या शाळेतील ११८ मुलांमागे प्रत्यक्षात किती खर्च झाला. यासाठी समितीच्या किर्दवहीतून मागील तीन वर्षांचे आकडे काढावेत. १०१ ते २५० पटाच्या शाळेला समग्र शिक्षेतून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळू शकते. त्यातील किती, कोणत्या तारखेला जमा झाले आणि पालकांच्या वर्गणीतून किती भरावे लागले, याचा एक पानी तक्ता न्यायमूर्ती सर्वांत आधी पाहतात, असा माझा अनुभव आहे.

आता कागदपत्रांविषयी सविस्तर लिहितो, कारण अशी प्रकरणे बहुधा येथेच जिंकली किंवा हरली जातात. अधिनियमाच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम आहे, आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात असे म्हटले आहे की शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने करावयाच्या योजना आणि द्यावयाची अनुदाने यांचा पाया हाच आराखडा असेल. सबंध कायद्यात पैशाच्या दृष्टीने इतके थेट वाक्य दुसरे नाही, आणि त्याचा वापर इतका कमी का होतो हे मला न उलगडलेले कोडे आहे. बहुतेक शाळांत आराखडा म्हणजे केंद्रप्रमुखांनी पाठवलेला छापील नमुना असतो; मुख्याध्यापक तो भरतात, समिती सह्या करते आणि कागद फायलीत जातो. आपल्या समितीने तो नव्याने करावा. आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात वार्षिक उपआराखडे असतात. वर्गवार अपेक्षित पट, लागणारे शिक्षक, लागणाऱ्या खोल्या व दुरुस्त्या आणि त्यासाठी वर्षनिहाय लागणारी रक्कम इतके त्यात आलेच पाहिजे. समितीच्या सभेत ठराव करून आराखडा मंजूर करावा आणि गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व महापालिकेचा शिक्षण विभाग या तिन्ही ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घेऊन द्यावा.

दुसरा कागद यू-डायस प्लसचा. दरवर्षी शाळेची माहिती या प्रणालीत मुख्याध्यापक भरतात, आणि शासनाचे प्रतिज्ञापत्र याच माहितीवर उभे राहते. दोन खोल्या बंद असूनही तेथे ‘चार वर्गखोल्या, सुस्थितीत’ असे नोंदलेले असेल, तर सरकारी वकील ती प्रत न्यायालयाला दाखवतील आणि आपली छायाचित्रे बाजूला पडतील. म्हणून याचिकेआधी ती नोंद पाहून आवश्यक असल्यास दुरुस्त करून घ्यावी. याच ओघात संचमान्यतेची प्रत, धोकादायक खोल्यांच्या निर्लेखनाचा (त्या अधिकृतपणे बाद ठरवण्याचा) प्रस्ताव आणि बांधकाम विभागाचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागवावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. निर्लेखन मंजूर झाल्याखेरीज नव्या खोल्यांचा प्रस्ताव पुढे सरकत नाही, आणि कित्येकदा सगळी रखडपट्टी त्या एका सहीपाशीच अडलेली आढळते. तसे असेल तर खटल्याआधीच काम होऊ शकते.

जिल्हा परिषद की महापालिका, या वादात आपण बाजू घेऊ नये. अधिनियमातील ‘स्थानिक प्राधिकरण’ या व्याख्येत शाळेवर प्रशासकीय नियंत्रण असलेली संस्था येते, आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्राथमिक शाळा चालवणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. दोघांनाही प्रतिवादी करावे, सोबत राज्य शासन, शिक्षण आयुक्त आणि शिक्षण संचालक (प्राथमिक) यांना जोडावे, आणि हस्तांतराचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा व तोपर्यंत वीजबिल आणि दुरुस्ती कोणी करावी हे न्यायालयाने अंतरिम आदेशाने ठरवून द्यावे, अशी प्रार्थना करावी. शासनाच्या दोन अंगांनी आपसांत वाद घालावा आणि त्याची किंमत तिसऱ्याने मोजावी, हे न्यायालयांना सहसा रुचत नाही.

याचिका दाखल करण्यापूर्वी शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ खालील लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे अवश्य करावी. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ती केली नसेल, तर ‘पर्यायी उपाय उपलब्ध असताना थेट येथे का आलात’ हा पहिला प्रश्न येतो. छत कोसळण्याचा धोका असेल तर मात्र तीन महिने थांबण्याची गरज नाही. तक्रार करून लगेच घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते आणि तातडीचे कारण लिहिले की पुरते. प्रार्थना थोड्या आणि मोजता येतील अशा ठेवाव्यात: चौथ्या शिक्षकाची नेमणूक, दोन खोल्या होईपर्यंत पर्यायी जागा, नव्या खोल्यांचे वेळापत्रक, कलम २२ नुसार आराखड्यावर सकारण निर्णय, आणि दर तीन महिन्यांनी अनुपालनाचे प्रतिज्ञापत्र. शेवटची प्रार्थना मान्य झाली नाही तर बाकीच्यांची अंमलबजावणी आपल्यालाच दामटत राहावी लागेल. अवमान याचिकेला एक वर्षाची मुदत असते, म्हणून आदेशात तारखा असण्याचा आग्रह धरावा.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला फिरते खंडपीठ सुरू झाले, पण त्याच्या कक्षेत पुणे जिल्हा नाही. त्यामुळे याचिका मुंबईलाच दाखल करावी लागेल. खर्चाची चिंता आपण व्यक्त केली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार महिला आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि उच्च न्यायालयाची स्वतंत्र विधी सेवा समिती आहे. त्यामुळे याचिकाकर्ते म्हणून शाळेत शिकणाऱ्या दोन-तीन मुलांची नावे, त्यांच्या मातांच्या मार्फत, घालावीत. आपल्या मुलांच्या हक्कासाठी आलेले पालक म्हणून ही साधी रिट याचिका होते, आणि जनहित याचिकेच्या २०१० च्या नियमांतील याचिकाकर्त्याच्या हेतूविषयीची जादा छाननी टळते. मुख्याध्यापक समितीचे पदसिद्ध सचिव असले, तरी त्यांना किंवा कोणत्याही शिक्षकाला याचिकाकर्ता करू नये. ते जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत, वर्तणूक नियमांनी बांधलेले आहेत, आणि उद्या त्यांची बदली झाली तर प्रकरणच लंगडे पडेल. त्यांच्याकडून ठरावाची, आराखड्याची आणि किर्दवहीची साक्षांकित प्रत तेवढी आत्ताच घेऊन ठेवावी.